चौथं धुरांडं

टायटॅनिकच्या चार धुरांड्यांपैकी एक खोटं होतं, हे तुम्ही एव्हाना कुठल्या ना कुठल्या रीलमध्ये पाहिलं असेल. मागे गूढ संगीत, पडद्यावर लाल बाण, आणि तो बाण शेवटच्या धुरांड्यावर येऊन थांबतो. याचा बॉयलरशी संबंधच नव्हता! नुसता दिखावा! खाली कॉमेंटींमध्ये हसऱ्या चेहऱ्यांची रांग. माहिती बरोबर आहे. तिच्यावरून लोक जो निष्कर्ष काढतात तो मात्र मला बराच काळ खटकत आलाय.

आपण सिनेमाची समीक्षा करतो, इमारतीची करतो, हल्ली फोनच्या डिझाइनचीही करतो. जहाजाची करत नाही. जहाजाबद्दल जे लिहिलं जातं त्यात लांबी किती, टन किती, झुंबरं किती आणि शेवटी बुडालं कसं, एवढंच असतं. खरं तर विसाव्या शतकातलं मोठं प्रवासी जहाज म्हणजे कुणीतरी कुणासाठी तरी रचलेली गोष्ट होती. कुठून पाहायचं, काय दिसावं, काय दिसू नये, हे सगळं आधी ठरवलेलं. ती रचना वाचायची असेल तर धुरांड्यापासून सुरुवात करावी, कारण जहाजाचा तेवढाच भाग समुद्रावरून, बंदरावरून आणि तिकिटाच्या पोस्टरवरून सारख्याच ठळकपणे दिसायचा.

आधी त्या चौथ्या धुरांड्याचं बघू. १८९७ साली जर्मनांनी 'कैसर विल्हेल्म डेअर ग्रोस' हे चार धुरांड्यांचं जहाज अटलांटिकवर आणलं आणि वेगाचा मान ब्रिटिशांकडून हिसकावून घेतला. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात एक सोपं गणित बसलं: धुरांडी जास्त म्हणजे ताकद जास्त, ताकद जास्त म्हणजे जहाज भरवशाचं. आयुष्यभराची पुंजी मोडून अमेरिकेला निघालेल्या माणसाला बॉयलरचा दाब कळत नव्हता, पण पोस्टरवरची धुरांडी मोजता येत होती. १९०७ साली क्युनार्ड कंपनीची 'लुसिटानिया' आणि 'मॉरेटानिया' आली. दोन्ही चार धुरांड्यांची, आणि त्यांची चारही खरी. मग व्हाइट स्टार कंपनीनं बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फकडून 'ऑलिंपिक' आणि 'टायटॅनिक' बांधून घेतली. त्यांना वेगात क्युनार्डशी स्पर्धा करायची नव्हती. त्यांचा भर आकारावर आणि आरामावर होता. एकोणतीस बॉयलरांचा धूर बाहेर काढायला तीन धुरांडी पुरत होती. तरीही चौथं बसवलं. त्यातून यंत्रघराची गरम हवा बाहेर जायची, भटारखान्याचा धूर जायचा, आणि पहिल्या वर्गाच्या धूम्रपानकक्षातल्या शेकोटीचाही. म्हणजे ते अगदीच रिकामंही नव्हतं. सांगत एक होतं, करत दुसरंच होतं.

एक प्रयोग करून बघा. फोनवर टायटॅनिकचा बाजूनं घेतलेला फोटो उघडा आणि शेवटचं धुरांडं अंगठ्यानं झाका. जहाज एकदम अर्धवट वाटायला लागतं, क्रियापद यायच्या आधीच तुटलेल्या वाक्यासारखं. मागच्या डेकवर नको एवढी मोकळी जागा राहते, तोल पुढे झुकतो. अंगठा काढा, वाक्य पूर्ण. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याची नजर तयार होती, एवढं मान्य करावंच लागतं. मला ते चौथं धुरांडं आवडतं आणि ते आवडण्याची मला लाज वाटत नाही.

पण रीलवाल्यांचं म्हणणं असं की चौथं खोटं, म्हणून फसवणूक. म्हणजे उरलेली तीन खरी, म्हणून ठीक? मला खटकतं ते इथे.

मराठीत एक फार चांगला शब्द होता, आता म्हातारी माणसंच वापरतात: आगबोट. इंग्रजांनी या जहाजाला वाफेचं नाव दिलं. आपण आगीचं दिलं. आगगाडी, आगपेटी, तशी आगबोट. वाफ हा यंत्राचा भाग झाला, आग मात्र कुणीतरी पेटती ठेवावी लागते. आपले लोक ज्या जहाजांवर नोकरीला होते, तिथे भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्याला म्हणायचेही 'आगवाला', आणि त्याला कोळसा आणून देणारा तो 'कोयलावाला'. सारंग, टिंडेल, भंडारी यांच्याबरोबर हे शब्द जहाजाच्या हजेरीपुस्तकात जाऊन बसले. धुरांड्याकडे खालून पाहणारी भाषा आपल्याकडे होती. आपण पुढे ती वापरली नाही, ही गोष्ट वेगळी.

टायटॅनिकवर आगवाले आपले नव्हते, बहुतेक साउदॅम्प्टनचे होते. काम तेच. तीन खऱ्या धुरांड्यांच्या खाली एकूण १५९ भट्ट्या, आणि पूर्ण वेगात चालताना दिवसाला सहाशे टनांहून जास्त कोळसा. तो सगळा फावड्यानं. चार तास काम, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास. कोणत्या भट्टीचं दार कधी उघडायचं, हेसुद्धा माणसाच्या मर्जीवर नव्हतं. भिंतीवर घड्याळासारखं यंत्र होतं, ते घंटा वाजवून भट्टीचा आकडा दाखवायचं. कोयलावाल्याचं काम त्याहून वाईट. कोठारातून हातगाडीनं कोळसा आणायचा, आणि आणताना उरलेला ढीग असा सारखा करत राहायचा की जहाज एका अंगाला कलू नये. वर नाच चालू असताना फरशी सपाट राहायची, ती या माणसामुळे.

आता धुरांड्याची उंची. ती केवळ रुबाबासाठी नसते. गरम धूर उंच नळीतून वर चढतो आणि चढताना खाली भट्टीत ताजी हवा ओढून घेतो. नळी जितकी उंच, ओढ तितकी जास्त. ऑलिंपिक आणि टायटॅनिकची धुरांडी भट्टीच्या जाळीपासून सुमारे दीडशे फूट वर जात होती. वरून ती डौलदार दिसत होती. खाली तोच डौल आग भडकवायच्या कामाला होता. खऱ्या धुरांड्याचं सौंदर्य म्हणजे काय, याचं एक प्रामाणिक उत्तर हे आहे.

लॉरेन्स बीझली नावाचा विज्ञानाचा शिक्षक टायटॅनिकवर दुसऱ्या वर्गात होता. तो वाचला आणि त्याच वर्षी त्यानं पुस्तक लिहिलं. त्यात क्वीन्सटाउन बंदरातला एक प्रसंग आहे. जहाज थांबलेलं असताना एका प्रचंड धुरांड्याच्या तोंडातून कोळशानं काळं झालेलं एक डोकं वर आलं आणि खालच्या माणसांकडे बघू लागलं. कुणी आगवाला गंमत म्हणून आतल्या शिडीनं चढून वर आला होता. काही प्रवाशांनी तो अपशकुन मानला. बीझली शिक्षक माणूस, त्यानं शकुनाची टर उडवली आणि समजावून सांगितलं की ते हवा खेळवण्याचं नकली धुरांडं होतं, माणूस चढू शकेल असं.

मी हा प्रसंग किती वेळा वाचला असेल सांगता येत नाही. त्या जहाजावर आगवाला ज्यातून वर येऊ शकत होता, उजेडात तोंड काढू शकत होता, असं एकच धुरांडं होतं: खोटं. उरलेल्या तिघांतून तो फक्त धूर म्हणून बाहेर येत होता. आणि त्याचं तोंड दिसल्यावर वरच्या माणसांना पहिली आठवण झाली ती मृत्यूची. चौथ्या धुरांड्यानं कुणाचं काही बिघडवलं नाही. जहाजावरचं सर्वांत निरुपद्रवी धुरांडं तेच.

याच १९१२ सालात, टायटॅनिक निघायच्या दोन महिने आधी, फेब्रुवारीत कोपनहेगनहून 'सेलांडिया' नावाचं डॅनिश मालवाहू जहाज बँकॉकला निघालं. बर्मिस्टर अँड वेन यांनी बांधलेलं, डिझेल इंजिनावर खोल समुद्रात लांबचा प्रवास करणारं पहिलं मोठं जहाज. त्याला धुरांडंच नव्हतं. धूर थोडा, तो एका डोलकाठीला लागून असलेल्या नळीतून सोडून दिला. लंडनला थांबलं तेव्हा खुद्द विन्स्टन चर्चिल, तेव्हाचे नौदलमंत्री, ते बघायला गेले. टायटॅनिक बुडालं त्या रात्री सेलांडिया आपल्या पहिल्याच सफरीवर होतं. विसाव्या शतकातल्या जहाजाचा खरा इतिहास कुठून सुरू होतो असं विचाराल तर मी सेलांडियाकडे बोट दाखवीन. त्यावर सिनेमा निघणार नाही, कारण त्याला काही झालं नाही.

सेलांडिया दिसायला कसं होतं? खरं सांगायचं तर विचित्र. काठ्या आणि डेकवरची ठेंगणी घरं, मध्ये काहीच नाही. टोपी विसरून बाहेर पडलेल्या माणसासारखं. रचना म्हणून ते पूर्णपणे प्रामाणिक होतं, आणि त्या प्रामाणिकपणाचा फारसा उपयोग झाला नाही. पुढे डिझेल जहाजं वाढली तशी त्यांना पुन्हा धुरांडी चिकटवली गेली, कारण धुरांड्याविना जहाज हे लोकांच्या मनात जहाजच नव्हतं. १९३० साली व्हाइट स्टारनंच 'ब्रिटॅनिक' नावाचं डिझेल जहाज काढलं. दोन बुटकी धुरांडी, त्यातलं पुढचं नुसतं शोभेचं. कंपनी काही शिकली नव्हती, किंवा नको तेवढं शिकली होती.

सेलांडियाचं मोठेपण धुरांडं नसण्यात नाही. त्या जहाजात भट्टीपुढे उभा राहणारा माणूस नव्हता, मोठेपण त्यात आहे. तेच तेलानंही केलं. पहिल्या महायुद्धानंतर 'ऑलिंपिक' कोळशावरून तेलावर आणलं, आणि यंत्रघरातली माणसं साडेतीनशेवरून साठावर आली. ही सुटका होती की बेकारी? दोन्ही होती. एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही असू शकते. पण बंदरावरून पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसलं नाही. चार धुरांडी होती तशीच. लोअर परळला मॉलच्या आवारात उभ्या असलेल्या गिरणीच्या चिमणीसमोर लोक सेल्फी काढतात, तेव्हा मला ऑलिंपिक आठवतं.

जहाजाकडे रचना म्हणून पाहणारा एक मोठा माणूस होऊन गेला, ल कॉर्ब्युझिए. चंदीगडचा. १९२३ सालच्या त्याच्या प्रसिद्ध पुस्तकात एक प्रकरण बोटींवर आहे, आणि त्यात 'अ‍ॅक्विटानिया' या चार धुरांड्यांच्या जहाजाचे फोटो आहेत. वास्तुकारांनो, घरावर नक्षीकाम कसलं करता, जहाज बघा: लांब डेक, स्वच्छ रेषा, पांढरे कठडे, समुद्राचा वारा. हे वाचून दोन पिढ्यांनी घरांना डेकसारख्या गच्च्या काढल्या, भिंतींना गोल खिडक्या पाडल्या. मुंबईत मरीन ड्राइव्हवर आणि दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींत बाल्कन्यांचे गोल कोपरे आणि आडवे लोखंडी कठडे दिसतात, त्यांच्यामागे जहाजांचं हे वेड आहे. आपल्यापैकी कित्येकांची आजी अशाच डेकवर पापड वाळत घालायची.

त्या प्रकरणाचं शीर्षक मात्र गंमतीचं आहे: न पाहणारे डोळे. वास्तुकारांचे डोळे पाहत नाहीत, असं त्याला म्हणायचं होतं. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं? फिरायचा डेक. मोकळी, उजेडाची, बहुतेक वेळा निर्मनुष्य जागा. अ‍ॅक्विटानियाची चारही धुरांडी खरी होती आणि ती बांधली तेव्हा कोळशाची होती, पण डेकच्या खाली जायचं त्याच्या मनात आलं नाही. यंत्राची एवढी स्तुती करणाऱ्या पुस्तकात यंत्र चालवणारा माणूस जवळपास नाहीच. समीक्षक म्हणून मला कॉर्ब्युझिएचा हेवा वाटतो, भाषेचा आणि धाडसाचा. पण त्यानं जहाज वाचलं ते पहिल्या वर्गाच्या तिकिटावर. पुढे मार्सेयच्या इमारतीवर, १९५२ साली, त्यानं हवा बाहेर सोडणाऱ्या नळ्यांना धुरांड्यांसारखे दिमाखदार आकार दिले. त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

आपल्या बंदरात यायचं तर स्ट्रॅथनेव्हरकडे यावं लागेल. पी अँड ओ कंपनीची 'स्ट्रॅथनेव्हर' आणि 'स्ट्रॅथएर्ड' ही जुळी जहाजं १९३१-३२ मध्ये लंडन-मुंबई-ऑस्ट्रेलिया मार्गावर आली. १९३२ साली सी. के. नायडूंचा संघ लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळायला गेला तो बॅलार्ड पिअरहून स्ट्रॅथनेव्हरनंच. पांढरीशुभ्र काया, तीन पिवळसर धुरांडी. आणि तिघांपैकी फक्त मधलं खरं. पुढचं आणि मागचं शोभेचं. टायटॅनिकचं एक खोटं म्हणून आरडाओरडा करणाऱ्यांनी इथे काय करावं?

माझं मत विचाराल तर इथे ती शोभा फसली आहे. टायटॅनिकचं चौथं वाक्य पूर्ण करतं. स्ट्रॅथनेव्हरची दोन म्हणजे लग्नाच्या फोटोसाठी मागून घातलेल्या अंगठ्या. कंपनीलाही पुढे ते कळलं असावं. १९३५ची 'स्ट्रॅथमोर' एकाच धुरांड्याची आली आणि जास्त देखणी निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दुरुस्तीत जुन्या दोघींचीही जादा धुरांडी काढून टाकली.

या जहाजांवरची कामाची वाटणी जातीच्या उतरंडीसारखी पक्की होती. डेकवर गुजरात-कोकण किनाऱ्यावरचे खलाशी, यंत्रघरात पंजाब आणि सरहद्दीकडचे, आणि जेवणघरात, केबिनींत गोव्याचे. दोन सफरींच्या मधल्या काळात गोवेकर धोबी तलावाच्या आसपासच्या आपापल्या गावच्या कुडींत राहायचे, पेटी उशाशी घेऊन, पुढच्या बोलावण्याची वाट बघत. जहाजात त्यांना किती जागा मिळायची? १९०६च्या ब्रिटिश कायद्यानं प्रत्येक खलाशाला किमान १२० घनफूट जागा ठरवली. सहा फूट लांब, पाच फूट उंच, चार फूट रुंद. फार नाही. हिंदी खलाशांना त्यातूनही वगळलं.

धुरांड्याच्या खरेखोटेपणापेक्षा हा आकडा जहाजाबद्दल जास्त सांगतो. जहाजाचा नकाशा समोर आला की आपले डोळे आपोआप वरच्या मजल्यांवर जातात: सभागृह, ग्रंथालय, पोहण्याचा तलाव. तो खालून वर वाचायला हवा. खलाशांची जागा बहुधा टोकांना असायची, जिथे जहाज सर्वांत जास्त हलतं, किंवा यंत्रांच्या आवाजाजवळ. नकाशा काढणाऱ्याला ते माहीत असायचं. तिथे नक्षीकामही नव्हतं आणि खोटेपणाही नव्हता. कॉर्ब्युझिएच्या कसोटीवर ते जहाजाचे सर्वांत प्रामाणिक भाग ठरले असते.

एवढं बोलल्यावर 'नॉर्मंडी'बद्दल बोलणं अवघड होतं, कारण मला ते जहाज मनापासून आवडतं. १९३५, फ्रान्स, सां-नाझेरची गोदी. रचनाकार व्लादिमिर युर्केविच, क्रांतीनंतर रशिया सोडून आलेला, पूर्वी झारच्या आरमारासाठी जहाजं आखणारा. त्यानं जहाजाची काया अशी घडवली की पाणी तिच्या अंगावरून कमीत कमी त्रागा करत सरकावं. पुढच्या डेकवर एरवी साखळ्या, दोरखंड, रहाटांचा पसारा असतो. नॉर्मंडीवर तो एका वक्र छपराखाली झाकून टाकला होता. आणि तीन धुरांडी, मागे कललेली, पुढून मागे लहान होत जाणारी. उभं असतानाही जहाज निघाल्यासारखं दिसायचं.

खरी करामत मात्र दिसत नव्हती. साधारणपणे धूर वर नेणारा मार्ग जहाजाच्या मधोमध सगळे मजले भेदत जातो. त्यामुळे प्रत्येक दालनाच्या मध्ये एक जाडजूड खांब येतो आणि दालनं तुटतात. नॉर्मंडीत हा मार्ग दोन भागांत फोडून दोन्ही कडांनी वर नेला आणि धुरांड्याच्या तळाशी पुन्हा जोडला. ही युक्ती जर्मनांनी 'फाटरलांड'मध्ये आधी वापरली होती. नॉर्मंडीनं तिचं सोनं केलं. मधली जागा मोकळी झाली आणि दालनामागून दालन अशी सलग दृष्टी मिळाली. पहिल्या वर्गाचं जेवणघर ३०५ फूट लांब, म्हणजे व्हर्सायच्या आरसेमहालापेक्षा लांब. त्याला खिडकी नव्हती. लालिकच्या काचेच्या खांबांतून उजेड यायचा. समुद्रावर असूनही समुद्र दिसू नये अशी ती खोली. हजारो फूट खोल पाण्यावर बसून माणूस पॅरिसमध्ये जेवतोय अशी कल्पना.

धुरालाच बाजूला सारून वैभव उभं करणं, याहून नेमकं रूपक मला सुचलं नसतं; ते युर्केविचनं पोलादात करून ठेवलं. १,९७२ प्रवाशांपैकी ८४८ पहिल्या वर्गाचे, आणि जहाजाचा मोठा भाग त्यांच्यासाठी. तिसरं धुरांडं शोभेचं होतं. त्याच्या पोटात प्रवाशांच्या कुत्र्यांची राहायची सोय केली होती. १२० घनफुटांचा आकडा आठवत असेल तर इथे थोडं थांबा. हा धुराचा धंदा कसा चालायचा ते त्या कुत्र्यांच्या खोलीत दिसतं. तरीही नॉर्मंडी मला आवडतं. सुंदर वस्तू अन्यायावर उभी आहे हे कळल्यावर तिचं सौंदर्य गळून पडायला हवं, असं मला वाटायचं. ते गळत नाही. समीक्षकाला त्या अवघडलेपणातच बसावं लागतं.

१९४२च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कच्या धक्क्यावर नॉर्मंडीचं सैनिकी जहाजात रूपांतर चालू होतं. गॅसकटरच्या ठिणगीनं लाइफजॅकेटांच्या ढिगाला आग लागली. विझवायला एवढं पाणी मारलं की त्या पाण्याच्या वजनानंच जहाज आडवं झालं.

त्याची प्रतिस्पर्धी 'क्वीन मेरी' (१९३६) मला कधी फारशी भावली नाही. जुन्या वाड्यासारखी, भक्कम, जराशी जड. पण तिची तिन्ही धुरांडी खरी होती, आणि ब्रिटिशांना त्याचा अभिमान होता. १९६७ पासून ती कॅलिफोर्नियात लाँग बीचला उभी आहे, पुढे तिचं हॉटेल झालं. तिथे बॉयलर काढून घ्यायला धुरांडी उचलली तर ती इतकी गंजलेली निघाली की परत बसवण्यासारखी नव्हती. मग नवी प्रतिकृती बसवली. म्हणजे आज पाहायला मिळतात ती तिन्ही नकली. बॉयलरच नाहीत म्हटल्यावर खरं कोणाला म्हणायचं, हाही प्रश्नच.

युद्धानंतर विमानं आली आणि जहाजांची घाई संपली. त्यानंतरची जहाजं अचानक प्रामाणिक झाली, ही मला विनोदी गोष्ट वाटते. डचांच्या 'रॉटरडॅम'ने (१९५९) परंपरेचं धुरांडं काढून मागे दोन बारीक नळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. पी अँड ओच्या 'कॅनबेरा'नं (१९६१) इंजिनंच मागच्या टोकाला नेली, दोन सडपातळ धुरांडी शेपटाजवळ लावली आणि मधला सगळा भाग माणसांना दिला. जॉन वेस्ट या तरुण रचनाकाराचं हे काम मला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं सर्वांत हुशार प्रवासी जहाज वाटतं. अनेकांनी नाकं मुरडली. मालवाहू तेलवाहू जहाजांची मांडणी प्रवासी जहाजाला कशी शोभेल, हा त्यांचा आक्षेप. तेलवाहू जहाजांना इंजिन मागे का ठेवायचं हे कित्येक वर्षं आधी कळलं होतं. त्यांच्याकडे बघायला समीक्षक गेला नव्हता, एवढंच. कॅनबेरावरही जेवण वाढणारे हात बरेचसे गोव्याचेच होते. तेवढी परंपरा कुणाला मोडावीशी वाटली नाही.

मालवाहू जहाजांबद्दल थोडंच बोलतो, कारण धुरांड्याची त्यांची गोष्ट छोटी आहे. १९५६ साली माल्कम मॅक्लीनच्या 'आयडियल एक्स'नं ५८ कंटेनर नेवार्कहून ह्यूस्टनला नेले, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जहाज म्हणजे तरंगतं कपाट झालं. धुरांडं मागे ढकललं गेलं, चौकोनी झालं, आणि त्यावर कंपनीचा लोगो. चारशे मीटर लांबीच्या जहाजावर आज वीस-पंचवीस माणसं. ते सुंदर आहे का? न्हावा-शेव्याला जाणारं असं जहाज एलिफंटाच्या लाँचमधून जवळून बघितलं की श्वास अडकतो. पण त्याला सुंदर म्हणायला शब्द अजून तयार झालेले नाहीत. आपल्या मनातलं जहाज अजून चार धुरांड्यांचंच आहे, आणि पर्यटकांची जहाजं तेच विकतात. १९९८च्या 'डिस्ने मॅजिक'ला दोन धुरांडी आहेत, पुढचं शोभेचं. त्याच्या आत पुढे किशोरवयीन मुलांचा क्लब केला.

शेवटचं जहाज 'फ्रान्स'. १९६२, त्या काळचं जगातलं सर्वांत लांब प्रवासी जहाज, ३१६ मीटर. दोन लालकाळी धुरांडी आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंना पंख. धूर त्या पंखांच्या टोकांतून सुटावा आणि डेकवर काजळी पडू नये म्हणून. दोन्ही खरी आणि दोन्ही देखणी; अशी जोडी क्वचित जमते. पुढे तेच जहाज विकलं गेलं, 'नॉर्वे' झालं, कॅरिबियन समुद्रात सहली करू लागलं. २५ मे २००३ रोजी मायामीच्या धक्क्यावर उभं असताना त्याचा एक बॉयलर फुटला. आठ माणसं मेली. सगळे कर्मचारी, प्रवासी एकही नाही.

त्यानंतर ते कधी चाललं नाही. ओढत ओढत जर्मनी, मग मलेशिया, आणि २००६ साली 'ब्लू लेडी' या नावानं गुजरातेत अलंगला. त्याच्या पोटातल्या अ‍ॅस्बेस्टॉसवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. बाराशे टनांच्या आसपास असल्याचं सांगितलं जात होतं. बॉयलरला, वाफेच्या नळ्यांना, भिंतींना गुंडाळलेलं, वरच्यांना उष्णता आणि आवाज लागू नये म्हणून. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयानं तोडायला परवानगी दिली. जहाजाच्या नाकाचा तुकडा आधीच काढून ठेवला होता, तो २००९ साली पॅरिसला लिलावात विकला गेला. बाकीचं जहाज अलंगच्या चिखलात मजुरांनी गॅसकटर घेऊन, तुकडा तुकडा, हातानं कापलं.